समक्ष विचारल्यावरून



तालुक्याच्या पोलीस ठाण्यात सकाळी एक शेतकरी येतो. रात्री घरात चोरी झालेली असते. ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसून तो सांगू लागतो, "मागचं दार वाजलं सायेब, पण मला वाटलं मांजर असंल. म्हणून उठलो न्हाई. सकाळी बघतो तर कपाट सताड उघडं, आन् हिची बोरमाळ गेलेली." अंमलदार मान डोलावतो, कीबोर्ड पुढे ओढतो, आणि कागदावर उमटतं ते साधारण असं असतं: मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून शेती करून उपजीविका करतो. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की, रात्रीचे वेळी कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझे राहते घराचे मागील दरवाजाची कडी कशाचे तरी सहाय्याने उघडून, आत प्रवेश करून, सोन्याची बोरमाळ माझे संमतीशिवाय मुद्दाम लबाडीने चोरून नेली आहे.

मांजर गेलं.

त्याला कुणी मुद्दाम हाकललं नाही. अंमलदाराला कलमात बसेल तेवढंच घ्यायची सवय आहे, आणि मांजर कुठल्याच कलमात बसत नाही. पण दोन-तीन वर्षांनी हा शेतकरी साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा तो पुन्हा मांजरासकट सगळं सांगतो. त्याच्या आठवणीत ती रात्र मांजरासकटच आहे. आरोपीचे वकील सावकाश उठतात. दार वाजल्याचं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं का? होय, सांगितलं होतं. मग ते फिर्यादीत का नाही? यावर महाराष्ट्रातल्या फौजदारी न्यायालयांत वर्षानुवर्षं एकच उत्तर नोंदवलं जातं: "कारण सांगता येणार नाही." बिचारा कारण कसं सांगणार? लिहिणारा तो नव्हताच. गंमत अशी की दार वाजल्याची वेळ त्याच दिवशी विचारून लिहिली असती, तर चोरीची वेळ ठरली असती, आणि गस्तीची नोंद, रस्त्यावरचा कॅमेरा, शेजाऱ्याची जाग हे सगळं त्या वेळेशी ताडून पाहता आलं असतं.

गुन्ह्याचा तपास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पाठलाग, बेड्या आणि उलटतपासणीतली जुगलबंदी येते. खटले जिंकले-हरले जातात ते मात्र दोन साध्या वाटांवर. एक वाट माणसाच्या तोंडापासून कागदापर्यंतची. दुसरी, वस्तू जिथे सापडली तिथपासून न्यायाधीशाच्या टेबलापर्यंतची. या वाटांवर काय सांडतं आणि कुणामुळे, एवढाच आजचा विषय आहे.

फिर्याद आणि जबाब यांत लोक नेहमी गल्लत करतात. फिर्याद म्हणजे पहिली खबर. ती खबर देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि त्याची सही घ्यायची असा कायदा आहे. साक्षीदाराचा जबाब ही निराळी चीज. तो पोलीस लिहून घेतात, पण त्यावर साक्षीदाराची सही घ्यायला कायद्यानेच मनाई केली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कलमं १६१ आणि १६२ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १८० आणि १८१ झाली. आकडे बदलले, मनाई तशीच राहिली. शिवाय सरकार पक्षाला हा जबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही. उपयोग मुख्यतः एकच: साक्षीदार न्यायालयात वेगळं बोलला, तर त्याला तो दाखवून खोटं पाडायचं.

ज्या कागदावर अख्खा तपास उभा, त्याच्यावर कायद्याचा एवढा अविश्वास का? याचं उत्तर दीडशे वर्षांहून जुनं आहे. १८५४ साली मद्रास इलाख्यात छळाची चौकशी करायला आयोग नेमला गेला. महसूल वसुलीसाठी आणि गुन्हे कबूल करवून घेण्यासाठी लोकांना काय काय सोसावं लागतं, याची जंत्रीच त्याने सरकारपुढे ठेवली. १८६१ च्या फौजदारी संहितेत पोलिसांपुढची कबुली बाद ठरवणारी कलमं आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्यात ती पक्की झाली. त्या कायद्याचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने हिंदुस्थानातल्या एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे. त्याचा मथितार्थ असा की, उन्हातान्हात पुरावे शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून संशयिताच्या डोळ्यांत मिरचीपूड चोळणं सोपं असतं. कायदे करणाऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणून कलम २५ आलं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे.

या कलमाची किमया पाहायची तर नानावटी खटल्याकडे वळावं. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांच्यावर गोळ्या झाडल्या. तिथून ते नौदलाच्या एका अधिकाऱ्याला भेटले आणि मग पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे हजर झाले. आता गंमत पाहा. लोबो यांच्यासमोर ते गुन्हा कबूल करणारं जे बोलले, त्याचा सरकार पक्षाला उपयोग नव्हता, कारण ऐकणारा पोलीस होता. पण इमारतीखालच्या वॉचमनला ते जे म्हणाले, ते पुराव्यात आलं. वॉचमनचे कान कायद्याला चालले, उपायुक्तांचे चालले नाहीत.

त्या खटल्यात याहून बोलका ठरला तो एक टॉवेल. बचाव असा होता की दोघांची झटापट झाली आणि त्यात पिस्तुलातून गोळ्या सुटल्या. आहुजा नुकतेच अंघोळ करून बाहेर आले होते, अंगाला टॉवेल गुंडाळलेला. झटापट झाली असती तर टॉवेल जागेवर राहिला असता का? तो अंगावरच होता. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांनी तो निकाल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ज्युरी, वर्तमानपत्रं, सहानुभूतीची लाट या सगळ्या गदारोळात टॉवेलने मात्र आपली साक्ष फिरवली नाही. अर्थात तो जागेवर होता तसा कुणीतरी पाहिला, नोंदवला आणि जपला, म्हणूनच.

पोलिसांपुढच्या कबुलीला बंदी असली तरी तिला एक खिडकी ठेवलेली आहे: जुनं कलम २७. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी गोष्ट उघडकीस आली, तर त्याच्या बोलण्यातला त्या शोधाशी थेट निगडित असलेला तेवढाच तुकडा पुराव्यात घेता येतो. 'तेवढाच' म्हणजे किती, याचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने मद्रास इलाख्यातल्या पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात १९४६ च्या डिसेंबरमध्ये दिला. सुरा घराच्या छपरात लपवला आहे हे सांगणं चालेल. त्याच सुऱ्याने अमक्याला भोसकलं, हे पुढचं शेपूट चालणार नाही. शोध सुऱ्याचा नसतो. सुरा कुठे आहे हे या माणसाला ठाऊक होतं, हा शोध.

कागदावर इतका नाजूक असलेला हा नियम आपल्याकडे एका छापील वाक्यात येऊन बसला. 'मी हत्यार लपवून ठेवलेले ठिकाण दाखवतो व काढून देतो, माझ्यासोबत चला.' जिल्हा कोणताही असो, आरोपी वाडीतला असो की महानगरातला, निवेदन पंचनाम्यात तो हेच बोलतो. मग पोलीस गाडी निघते. आरोपी एका ठिकाणी गाडी थांबवायला सांगतो, पुढे चालू लागतो, पंच आणि पोलीस त्याच्या मागे, आणि झुडपातून हत्यार निघतं. हे नेहमीच खोटं असतं असं नाही. पण प्रत्येक खरी गोष्ट एकाच साच्यातून काढली की ती खोटीसारखी दिसू लागते, हे लिहिणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

१९६८ साली मुंबईच्या उपनगरांत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचणाऱ्या रामन राघवची हकिगत या दृष्टीने आठवण्यासारखी आहे. २७ ऑगस्टला उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला हेरलं आणि पकडलं. त्याच्याजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी पाहा: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं घर, साबण, लसूण, चहाची पूड आणि आकडेमोड केलेले दोन कागद. कुठल्याही कादंबरीकाराला सुचणार नाही अशी ही यादी आहे, आणि म्हणूनच ती खरी वाटते. पंचनामा असा हवा. तपासाची सूत्रं रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. राघव बोलायलाच तयार नव्हता. त्याने कोंबडीचं जेवण मागितलं, ते दिलं गेलं. मग तो बोलू लागला आणि शहराच्या उत्तर भागात लपवलेली हत्यारं त्याने दाखवली, असं त्या तपासाच्या हकिगतीत येतं. लसूण आणि चहापूड यांचा खुनाशी काय संबंध, असं म्हणून कुणी त्या वगळल्या नाहीत. मांजर हाकललं गेलं नाही.

आता दुसरं टोक. ठाणे जिल्ह्यात २०१० च्या जूनमध्ये एका सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. शेजारच्या एका परप्रांतीय मजुराला अटक झाली. सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. कारणं वाचताना मराठी वाचकाला ओशाळं व्हायला होतं. त्याचं निवेदन लिहिलं होतं मराठीत, आणि ती भाषा त्याला कळत नव्हती. त्याच्या भाषेत ते वाचून, समजावून दिल्याचं कुठे दिसत नव्हतं. म्हणजे 'ठिकाण दाखवतो, माझ्यासोबत चला' हे वाक्य ज्याच्या तोंडी घातलं, त्याला त्याचा अर्थही सांगितल्याची खात्री नाही. डीएनएसाठी घेतलेले नमुने प्रयोगशाळेत उशिरा का पोहोचले आणि मधल्या काळात ते कुणाच्या ताब्यात, कसे होते, याचाही समाधानकारक हिशेब नव्हता.

तो माणूस बारा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. आणि त्या मुलीचा खून कुणी केला, याचं उत्तर आज कुणाकडेही नाही. निर्दोष सुटका झाली की समाजात एक चीड उठते: कायद्याच्या पळवाटा, वकिलांची चलाखी. या प्रकरणात पळवाट कसली? भाषेचा दुभाषी आणि नमुन्याची पावती, एवढ्या दोनच गोष्टी मागितल्या होत्या. त्या ठाण्यात सहज मिळण्यासारख्या होत्या.

पंचनामा हा शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे की आपण कशाचाही पंचनामा करतो. सुनेच्या स्वयंपाकाचा, मंत्र्याच्या भाषणाचा, गारपिटीत झोपलेल्या द्राक्षबागेचा. त्या शब्दातले पंच मात्र कुणाला आठवत नाहीत. कायद्याला हवे असतात त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी. कारण नसताना नकार देणं हा गुन्हा आहे. प्रत्यक्षात काय होतं? रात्री अकराला हायवेवर अपघात किंवा खून झालेला असतो. प्रतिष्ठित रहिवासी गाडीची काच वर करून निघून जातात. उरतो तो समोरचा पानटपरीवाला, ज्याला उद्याही त्याच ठाण्याच्या हद्दीत टपरी लावायची आहे. काही ठाण्यांत तर ठरलेली माणसंच असतात. न्यायालयात वकील त्यांना पहिला प्रश्न विचारतात, आजवर किती प्रकरणांत पंच होतात, आणि तिथेच पंचनाम्याचे पंख कापले जातात. गंभीर गुन्ह्यांत शासकीय कर्मचाऱ्यांना पंच घेण्याची पद्धत महाराष्ट्रात त्यामुळेच रुजू लागली. कारकून फितूर होत नाही असं नाही, पण तो शोधला की सापडतो.

पंचांनी काय करायचं असतं? जे दिसलं ते पाहायचं, जे लिहिलं ते वाचायचं आणि मग सही करायची. यातली पहिली दोन कामं वगळून थेट तिसरं करणाऱ्या सुशिक्षितांची संख्या फार मोठी आहे.

वस्तूंच्या वाटेकडे येऊ. ठाण्यात जप्त मालाला मुद्देमाल म्हणतात आणि तो सांभाळणारा मुद्देमाल कारकून असतो. रक्ताचा शर्ट, गज, मोबाइल, मातीचा नमुना: प्रत्येक वस्तू वेगळ्या वेष्टनात, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, दोरा, लाखेचं सील, रजिस्टरला नोंद. मग पत्र लिहून हवालदारामार्फत कलिन्याच्या किंवा विभागाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत. तिथून येतो तो सीए रिपोर्ट. हे सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर. ब्रिटिश काळातलं हे पद आजही मराठी ठाण्यांच्या बोलीत टिकून आहे. या साखळीत पाच-सहा माणसं असतात. प्रत्येकाने एवढंच सांगायचं असतं: मला मिळालं तेव्हा सील शाबूत होतं, मी दिलं तेव्हाही शाबूत होतं. एक जण गळला तरी शर्टावरचं रक्त कुणाचंही असू शकतं. ओला कपडा न वाळवता प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, तर तो कुजतो आणि सांगण्यासारखं काही उरत नाही. कागदी पाकीट स्वस्तही असतं. तरी प्लॅस्टिक.

जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका खून खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुन्यांबाबत देशभरासाठी नियम घालून दिले. नमुना घेतल्यापासून ४८ तासांत तो प्रयोगशाळेत पोहोचवण्याची जबाबदारी तपास अधिकाऱ्याची. प्रत्येक हालचालीची नोंद ठेवणारं ताब्याच्या साखळीचं रजिस्टर ठेवायचं, आणि ते खटल्याच्या कागदांना जोडायचं. हे सांगायला देशातलं सर्वोच्च न्यायालय लागावं, याचं वाईट वाटतं. गावातली दूध डेअरीही प्रत्येक कॅनची नोंद ठेवते.

वस्तूला स्वतःची मर्यादा असते, हेही खरं. बोटांच्या ठशांचं शास्त्र ज्या कलकत्त्यात आकाराला आलं, तिथली सुरुवातीची एक हकिगत आहे. १८९८ साली जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. पंचांगावर रक्ताळलेला अंगठा उमटला होता. तो एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. न्यायालयाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनासाठी नाही. अंगठा तिथे होता हे सिद्ध झालं. सुरा त्या हातात होता हे झालं नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो संयम आज टीव्हीवर रात्री नऊ वाजता सापडत नाही.

उलट बाजूला, हस्ताक्षर खरं आणि मजकूर खोटा असंही होतं. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाची सुरुवात १९७६ च्या जानेवारीत एका विद्यार्थ्याच्या खुनाने झाली. मारण्याआधी त्याच्याकडून वडिलांना चिठ्ठी लिहून घेतली होती: मी घर सोडून जात आहे. अक्षर मुलाचंच. कुणीही तज्ज्ञ हेच म्हणाला असता. त्याच्या मृतदेहाचं पिंप पेशवे उद्यानाच्या तळ्यात होतं, आणि पुढे तिथून ते निघालं तेव्हा त्या कागदाचा खरा अर्थ जगाला कळला. १९७७ मध्ये या टोळीचा माग लागला तो संशयितांना वेगवेगळं बसवून विचारल्यावर. कोण कुठे होतं, कधी भेटलं, हे प्रत्येकाने वेगळं सांगितलं. जबाबाचं कायद्यात जे मोल नाही, ते तपासात असतं: तो ताडून पाहता येतो. त्यासाठी मात्र चौघांचे जबाब चार आवाजांतच लिहिलेले असावे लागतात.

चार आवाज एकच होतात तेव्हा काय घडतं, ते मुंबईने अलीकडे पाहिलं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत ११ मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली. मोक्का कायद्यात पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरावा ठरते. म्हणजे १८६१ ची भिंत तिथे पाडलेली आहे. त्या कबुल्यांच्या आधारावर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. कबुल्यांतले काही भाग एकमेकांशी जुळणारे, जणू उतरवून काढलेले आढळले. साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले. ओळख परेड घेणाऱ्याला त्या वेळी तसा अधिकारच नव्हता. जप्त केलेली स्फोटकं नीट सीलबंद आणि सुरक्षित ताब्यात होती हे दाखवता आलं नाही, आणि बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेही सिद्ध झालं नाही. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं. सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. शेवटचा शब्द तिथेच लिहिला जाईल. पण उच्च न्यायालयाने मोजलेल्या उणिवांपैकी बहुतेक सगळ्या लाख, दोरा, तारीख आणि लिहिणाऱ्याचा हात यांच्याशी संबंधित आहेत, याकडे दुर्लक्ष करता येत नाही. मृतांच्या घरच्यांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली ती याची नाही.

याच शहराने दुसरा धडाही दिला आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर जिवंत पकडलेल्या कसाबचा कबुलीजबाब पोलिसांनी घेतला नाही. तो दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला गेला. दंडाधिकारी बाईंनी त्याला आणल्या-आणल्या लिहायला घेतलं नाही. बोलण्याची सक्ती नाही, बोललास तर तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल, हे समजावून विचार करायला वेळ दिला, परत बोलावलं, पुन्हा विचारलं. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर या छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून काढलेले फोटो होते, कॅमेऱ्यांचं चित्रण होतं, जप्त केलेली जीपीएस यंत्रं होती. सगळं स्वतःच्या पायावर उभं राहिलं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, तेव्हा ती कबुली स्वेच्छेने दिलेली असल्याचंही मान्य केलं. घाई करण्याचं सर्वात मोठं निमित्त ज्या खटल्यात होतं, तिथे घाई झाली नाही.

कॅमेरा आला म्हणजे प्रश्न मिटला, अशी एक भाबडी समजूत सध्या आहे. जालन्याची गोष्ट ऐका. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिला, असा कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप होता आणि निवडणूक कार्यालयातलं चित्रण हा त्याचा पुरावा. चित्रण सरकारी, कार्यालय सरकारी, पण त्यासोबत कायद्याने लागणारं प्रमाणपत्र काही मिळेना. अर्जावर अर्ज गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि जुलै २०२० मध्ये तिथे ठरलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. देणारा देत नसेल तर ते न्यायालयामार्फत मागवावं. आज देशातल्या प्रत्येक फौजदारी न्यायालयात सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह पुढे आला की जालन्याचं नाव निघतं. कुठल्या चौकातल्या दुकानदाराचं चित्रण पंधरा दिवसांत आपोआप पुसलं जातं आणि तपास अधिकारी विसाव्या दिवशी पोहोचतो, हा आणखी वेगळा विषय.

नव्या संहितेत झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचं झालं आहे. ई-साक्ष्य नावाचं अ‍ॅप त्यासाठी आहे. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर गेलंच पाहिजे, अशीही तरतूद आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. साक्षीदाराचा जबाबही चित्रमुद्रित करता येतो, पण तिथे कायद्याने 'करता येईल' म्हटलं, 'करावा' म्हटलं नाही. खरी गरज तिथेच होती. बोलणाऱ्याचा आवाज राहिला असता, हेल राहिला असता, मांजर राहिलं असतं. शिवाय ज्या हवालदाराकडे एकाच वेळी वीस गुन्ह्यांचा तपास, बंदोबस्त, समन्स आणि गणपती-नवरात्र आहे, त्याने सावकाश ऐकावं तरी कसं, हा प्रश्न कोणत्याच अ‍ॅपने सुटत नाही. रायटर म्हणून ठाण्यात जो हवालदार ओळखला जातो, त्याला मराठी गद्य लिहायला कुणी कधी शिकवत नाही. त्याच्या आधीच्या रायटरचे कागद पाहून तो शिकतो. म्हणून १९७० चा जबाब आणि २०२४ चा जबाब एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसतात. पोलीस प्रशिक्षण केंद्रांत कवायतीच्या तासांतला एक तास काढून साक्षीदाराचे शब्द साक्षीदाराच्याच बोलीत उतरवायला शिकवलं, तर त्याला ना निधी लागेल, ना कायदा बदलावा लागेल.

शेवटी सभागृहातल्या मंडळींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. फिर्याद दिलीत तर तिची प्रत तुम्हाला मोफत मिळते, मागून घ्या. सही करण्याआधी ती वाचा, चष्मा विसरला असेल तर वाचून दाखवायला सांगा. पंच म्हणून बोलावलं तर काच वर करून निघून जाऊ नका. मात्र कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका, आणि वस्तूला सील तुमच्या देखत लागतंय ना ते पाहा. जबाबावर कुणी सही मागितली तर ती द्यायची नसते, हे नम्रपणे सांगा. आणि इथल्या बहुसंख्य श्रोत्यांच्या वयाकडे पाहता आणखी एक: साठ वर्षांवरील पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या राहत्या घरी यायचं असतं. आले तर बसवा, चहा द्या, मांजरासकट सगळं सांगा, आणि मग लिहिलेलं काय ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.